कामावरची चिंबोरी

पाहुणे मार्वेच्या धक्क्यावर तरीची वाट बघत असतात
तेव्हा इकडे मनोरीला माझी सासू
ओल्या फडक्यात चिंबोरी गुंडाळून चिखलात उतरते.
तिवरांच्या तिसऱ्या झाडाखाली बीळ आहे, तिथे सोडते.
मागच्या पायाला नायलॉनचा दोरा, दोरा मुळाला.
मग पाय धुऊन, लुगडं नीट करून
वर येते पाहुण्यांना हात जोडायला
जणू चिखल आज पहिल्यांदाच बघणार.

माणशी साडेसहाशे.
त्यात होडी, खाडीची फेरी, चिंबोरी पकडून दाखवणं,
तांदळाची भाकर, मांदेलीचं कालवण, जवळ्याची चटणी.
न खाणाऱ्यांना वालाची भाजी, पैसे तेवढेच.
कमोडवाला संडास फक्त सेलीनबायकडे,
म्हणून तिला माणशी वीस रुपये जास्त.
यावरून दोन बैठका झाल्या.

पाहुणे विचारतात, इथे लाइट असते का?
विचारतात, मुंबईच्या इतक्या जवळ असं गाव कसं?
सासू सांगते, गाव हितंच हाय.
मुंबई आली त्याच्याजवल.
ते हसतात, लिहून घेतात.

पहिल्या पावसाळ्यानंतर खरीच धरायची ती.
खांद्यापर्यंत हात बिळात, डोळे मिटलेले,
आम्ही काठावर श्वास धरून.
तीन रविवारांत एकदा मिळायची.
खाडीत आता मासळीपेक्षा पिशव्या जास्त, हे पाहुण्यांना काय सांगायचं.
एक पोर रडलं. त्याचा बाप म्हणाला, यात दाखवलंय ना चिंबोरी मिळते म्हणून,
आणि फोन सासूच्या तोंडासमोर धरला.
तिने वाचता येत असल्यासारखं वाचलं.

दुसऱ्या दिवशी मालाडच्या बाजारात गेली.
जन्मभर तिथे टोपली घेऊन बसलेली बाई
यावेळी टोपलीच्या पलीकडून उभी राहिली,
भाव न करता चिंबोरी घेतली,
काळ्या पिशवीतून पदराआड घरी आणली.
ती आम्ही शिजवली नाही.

मोरीत निळ्या बादलीत राहते.
बोंबलाची डोकी खाते.
नवरा म्हणतो, घरात कमावती एवढी एकच.
पाच रविवार झाले तिला, सुट्टी नाही.
समुद्राला रविवार कळत नाही तो भाग वेगळा.
सकाळी भरती असली की सगळ्यांचाच खाडा.

काल चष्म्यातली एक मुलगी आली, नऊ-दहा वर्षांची.
सासूने हात घातला, ओरडली, गो बाय, चावली,
सगळ्यांनी फोन वर केले,
आणि चिंबोरी बाहेर आली, चिखलाने माखलेली, रागावलेली, देखणी.
टाळ्या.
मुलगी खाली बघत होती.
दोरा दिसत होता, वीतभर.
तिने सासूकडे बघितलं. सासूने तिच्याकडे.
मग मुलीने पायाच्या अंगठ्याने
हळूच त्यावर चिखल ओढला.

जेवताना ती सासूला चिकटून बसली.
हिचं नाव काय?
नाव कशाला, कामाला हाय ती.
मुलगी बराच वेळ भाकरीचा तोच तुकडा चावत राहिली.
नंतर म्हणाली, हात धुऊन येते.

तर सुटली. आम्ही पैसे वाटायला बसलो,
सातजणी आणि होडीवाले दोघे.
मी वहीत आकडे घालत होते, जनी पुन्हा खुर्च्यांच्या भाड्याचं बोलत होती,
सेलीनबाय आपले वीस-वीस बोटांवर मोजत होती.
सासू चिंबोरी आणायला खाली गेली
आणि नुसता दोरा घेऊन वर आली.

कुरतडलेला नव्हता.
गाठ सोडलेली होती, शांतपणे, दोन पदरी.
सासूने तो दिव्याखाली धरला, बोटाला गुंडाळला, परत उलगडला.
माझी गाठ सोरवली, म्हणाली. पोरगी हुशार हाय.
मग माझ्याकडे हात पसरला,
आजच्या गल्ल्यातून चारशे काढ.
उद्या मालाडला तूच जा.
मोठी बघ, नांग्या धड असलेली.
आनि भाव कर. मला नाय जमला.